गुंडूची जोड

नागसेनने फावडे मातीत रोवले, टाचेने दाबले आणि ढेकूळ उलटे केले. कुस्तीच्या हौद्याची एक बाजू खणून झाली होती. दुसरी बाजू चार दिवस पाणी न मिळाल्याने वरून पांढुरकी पडली होती. एरवी हे काम दोघांचे असे. समोरासमोर उभे राहायचे, एकाचे फावडे वर गेले की दुसऱ्याचे खाली, आणि त्या तालात अर्ध्या तासात सारा हौदा मोकळा व्हायचा. सरावात ज्याच्याशी नित्य झुंजायचे, त्याला तालमीत जोड म्हणतात. नागसेनची जोड गुंडू. नऊ वर्षांत ती कधी बदलली नव्हती. गुंडू आता पाच दिवस झाले रुग्णालयात होता.

वस्ताद बाकीच्या मल्लांना घेऊन परजिल्ह्यातल्या कुस्त्यांच्या मैदानाला गेले होते. खांदा धरला आहे असे सांगून नागसेन मागे राहिला होता. खांद्याला काहीही झालेले नव्हते.

उंबऱ्यापाशी वहाणा काढल्याचा आवाज आला. गुंडूचे वडील बाळासो दारात उभे होते. धोतराचा सोगा खोचलेला, हातात दुधाची किटली. शिरोळहून पहिल्या एस.टी.ने ती किटली रोज तालमीत येई. स्वतः बाळासो मात्र वर्षातून एकदाच येत, तेही मैदानाच्या दिवशी.

"एकलाच हाईस?"

"व्हय आबा. समदी मैदानाला गेल्यात."

"आणि तू?"

"खांदा धरलाय."

"धरू दे की. फावडं तर झ्याक चालतंय."

नागसेनने फावडे भिंतीला टेकवले आणि पाय पुसत बाहेर आला. "गुंडू कसा हाय?"

"मशीन लावलंय. रगत भाईर काढत्यात, धुत्यात, पुन्यांदा आत घालत्यात." बाळासो कट्ट्यावर बसले. "लगवी वाटीभर हुतीया. तीबी कोऱ्या च्याच्या रंगाची. डाक्टरीणबाई रोज इच्यारतीया, ह्यो काय घेत हुता. म्या सांगितलं, दूध, तूप, बदाम. ती म्हणाली, ह्येनं किडन्या जात न्हाईत. तिला काय ठावं."

किटलीच्या झाकणावरून त्यांचा अंगठा फिरत राहिला.

"गेल्या दिवाळीत म्हशीचं रेडकू मेलं. तवापास्नं ती पान्हा सोडंना. मग म्या तिला सुई टोचाय लागलो. रोज, धारंच्या आदी. गावात समदीच टोचत्यात. आणि त्येच दूध हिकडं. दिवाळीपास्नं रोज." त्यांनी मान वर केली नाही. "काल गुंडूला सांगितलं. पाय धरलं त्येचं."

"पोराचं?"

"मग कुणाचं धरू?"

"गुंडू काय म्हणाला?"

"भिंतीकडं त्वांड केलं. जाऊ दे आबा, म्हणाला."

नागसेन हौद्याकडे पाहत राहिला. खणलेली आणि न खणलेली माती यांच्या मधोमध सरळ रेघ पडली होती.

मेहनत संपली की मल्ल एकमेकांच्या पाठीला तेल लावतात. आपला हात आपल्या पाठीला पोहोचत नाही, म्हणून ज्याची त्याची जोडच हे काम करते. आठ महिन्यांपूर्वी शहरातल्या एका व्यायामशाळेतल्या माणसाने पहिली बाटली आणून दिली, तेव्हा सुईचे कामही त्याच रीतीने ठरले. कमरेखाली, मागच्या बाजूला टोचायचे. ते स्वतःचे स्वतःला साधेना. तेल पुसून झाले की गुंडू पालथा पडे आणि नागसेन टोची. मग नागसेन पालथा पडे. अंग भरण्यासाठी एक सुई, दम वाढवण्यासाठी दुसरी, आणि वजनकाट्यावर चढण्याआधी तीन दिवस अंगातले पाणी काढण्याच्या गोळ्या. खेळाडूंसाठी राखलेल्या पोलीस भरतीच्या जागा जवळ येत चालल्या होत्या. कोणालाही कळू द्यायचे नाही, अशी दोघांनी हौद्यातली माती मुठीत घेऊन शपथ घेतली होती. मातीची शपथ मोडणाऱ्याने पुन्हा हौद्यात उतरायचे नसते.

नेसरीहून नागसेनची आई सरुबाई दर रविवारी फोन करी. "पंचशील म्हणतोस न्हवं?" असे विचारी. तो हो म्हणे. मादक द्रव्यापासून दूर राहण्याचे पाचवे शील उच्चारतानाही त्याची जीभ अडखळत नसे. ही दारू नव्हे, हे औषध आहे, असा निवाडा त्याने स्वतःशी करून टाकला होता. अलीकडे मात्र जिना चढला तरी काळीज कानात वाजे, आणि झोप येईनाशी झाली होती.

"चल, कापडं घाल," बाळासो म्हणाले.

"कुठं?"

"दवाखान्यात. तूबी त्येच दूध प्यालास की. त्येच्या आदी पेला तुज्या हातात जायाचा, गुंडू सांगायचा मला. डाक्टरीणबाईला सुईचं अजून म्या काय बोललो न्हाय. तुला दावतो, मग समदं एकदमच सांगतो. तुज्या आईला मी काय त्वांड दावू, तुला काय झालं तर?"

"मला काय झालं न्हाय, आबा."

"त्योबी असंच म्हणत हुता."

नागसेनने सदरा चढवला. तालमीतून बाहेर पडताना हौद्यातली चिमूटभर माती कपाळाला लावण्याचा त्याचा नेम होता. आज तो काठापर्यंत गेला, वाकला, आणि हात मोकळाच घेऊन परतला.

रिक्षात बाळासोंनी किटली मांडीवर घट्ट धरली होती. दूध तपासायला द्यायचे होते. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला ते झाकणावर तळहात दाबत.

डॉक्टर तरुण होत्या आणि थकलेल्या दिसत होत्या. बाळासोंनी किटली त्यांच्या टेबलावर ठेवली तेव्हा त्यांनी प्रश्नार्थक पाहिले.

"बाई, चूक माजी हाय," बाळासो उभ्यानेच बोलू लागले. "म्या म्हशीला सुई..."

"म्हशीचं काय न्हाय," नागसेन म्हणाला.

बाळासोंनी त्याला गप्प राहण्याची खूण केली. "त्येला काय ठावं न्हाय, बाई. म्या सांगतो."

"आबा, दुधाचं काय न्हाय. तुमी बसा."

त्याने नावे सांगितली. पहिल्या सुईचे, दुसऱ्या सुईचे, गोळ्यांचे. किती महिने, आठवड्यातून किती वेळा, शेवटची कधी. आवाज चढला नाही, उतरला नाही. डॉक्टर लिहीत होत्या. एका नावापाशी त्यांनी हात थांबवला, ते पुन्हा उच्चारून घेतले आणि लगेच फोन उचलून वरच्या कक्षात एक औषध बंद करण्यास सांगितले.

"हे पाच दिवसांपूर्वी कळायला हवं होतं."

डॉक्टरांनी पान उलटले.

"टोचायचं कोण?"

"मी."

"आणि तुम्हाला?"

"गुंडू."

खुर्ची करकरली. बाळासो उठले होते. त्यांनी टेबलावरची किटली उचलली, नागसेनकडे न पाहता दार उघडले आणि ते बाहेर गेले.

पुढचा तासभर नागसेनला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेण्यात आले. छातीला थंडगार चकत्या चिकटवल्या, कागदाची लांब पट्टी निघाली. डॉक्टरांनी ती दोन्ही हातांत ताणून धरली आणि नाडी पुन्हा स्वतः मोजली. रात्रीपुरते तरी दाखल व्हावे लागेल, असे म्हणाल्या. कागद होईपर्यंत बाहेर बसा.

बाहेरच्या लांब बाकाच्या एका टोकाला बाळासो बसले होते. नागसेन दुसऱ्या टोकाला बसला. मध्ये चार माणसे मावतील एवढी जागा होती. लोक येत, ती जागा पाहत, दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहत आणि पुढे जात.

बाळासो समोरच्या भिंतीशी बोलल्यासारखे बोलले.

"टोचताना वरडायचा का रं?"

"न्हाय."

"मग?"

"हसायचा. म्हणायचा, नाग्या, तुजा हात हलका हाय."

बाळासोंनी मान हलवली. पटल्याची की नुसतीच, ते कळले नाही.

"नऊ वरीस," ते म्हणाले. "घरी आला की पयलं तुजंच नाव. जेवतानाबी. त्येची आय म्हणायची, ह्यो लगीन कुणासंगं करणार हाय."

गुंडूची खोली वर, दुसऱ्या मजल्यावर होती. वर जाऊन आपण सांगून टाकले एवढे त्याला कळवावे, असे नागसेनच्या मनात आले. आठ महिन्यांत, किंबहुना नऊ वर्षांत, गुंडूला विचारल्याविना त्याने घेतलेला हा पहिलाच निर्णय होता. तो उठला नाही. गुंडूने आपल्याकडेही पाठ फिरवली तर भिंतीकडे वळलेल्या त्या पाठीशी काय बोलावे, हे त्याला ठाऊक नव्हते.

परिचारिका कागद घेऊन आली.

"नागसेन कांबळे कोण?"

तो उभा राहिला.

"दाखल करून घ्यायचंय. सोबत कोण आहे?"

"कोण न्हाय."

"असं चालत नाही. घरचं कोणीतरी सही करायला लागतं. आई, वडील?"

"वडील न्हाईत. आई नेसरीला हाय. तिला नका कळवू, बाई. मी कळवीन."

"मग सही कोण करणार? तुमच्या हृदयाचे ठोके नीट नाहीत, तुम्हाला सांगितलंय ना डॉक्टरांनी? मी अशी किती वेळ उभी राहू?" तिने बाकाकडे पाहिले. "हे तुमच्यासोबतच आले ना सकाळी?"

वर कुठेतरी यंत्राची लहानशी घंटा वाजत होती. ती थांबली.

"आण हिकडं," बाळासो म्हणाले.

परिचारिकेने शाईची डबी पुढे केली.

"अंगठा न्हाय. सही येती मला."

त्यांनी कागद गुडघ्यावर घेतला. रेघ शोधली, वाकले आणि सावकाश, एकेक अक्षर दाबून आपले पूर्ण नाव लिहिले. गावाचे नाव लिहिले. त्याखाली रुग्णाशी नाते असा रकाना होता. तिथे लेखणी टेकली. नागसेन उभा राहून ते टोक पाहत होता. टोकाभोवती शाईचा ठिपका हळूहळू मोठा होत गेला.

मग बाळासोंनी लेखणी उचलली, कागदाची घडी केली आणि तो तसाच परिचारिकेच्या हाती दिला.