सलाईनमधलं धुकं

औषधं मिसळायच्या खोलीत हवासुद्धा गाळून आत यायची. दिवसभर यंत्राचा एकच संथ सूर, आणि त्या सुरात अण्णांचे डोळे उघडे असून अर्धे झोपेत. हात मात्र जागे, आणि डोकं खोड्यांत. दवाखान्यातल्या लोकांच्या डब्यांवर औषधांची लेबलं चिकटवायची त्यांना भारी हौस. 'हलवू नये.' 'उघडल्यावर लगेच संपवा.' वॉर्डातल्या सिस्टरच्या दह्याच्या वाटीवर तर 'फक्त शिरेतून द्यावे'.

त्या दुपारी त्यांनी मेंदूच्या तापावरच्या औषधाची पिशवी भरली. पेशंट त्यांचाच मेव्हणा. बाकीची बरीच औषधं गारव्यात टिकतात. हे मात्र उलट्या खोपडीचं, थंडी लागली की खडे धरतं. म्हणून अण्णांनी ठळक लेबल लावलं: 'फ्रीजमध्ये ठेवू नये.'

संध्याकाळी सिस्टर ती पिशवी घेऊन दारात उभी. "अण्णा, हे काय झालंय बघा."

पिशवीत धुकं उतरलं होतं. बारीक पांढऱ्या सुया उजेडात वळत, तरंगत, कुठंच न पोचता खाली येत होत्या.

"फ्रीजमध्ये ठेवलीत?"

"मला वाटलं, तुमची नेहमीची थट्टा. हसले आणि ठेवून दिली."

अण्णांनी पिशवी दोन्ही तळव्यांत धरली. उबेनं हळूहळू सुया विरल्या, धुकं निवळलं, पाणी कसं स्वच्छ झालं.

"गेलं की. लावू?" सिस्टरनं विचारलं.

कपाटात एकच बाटली उरली होती, उद्या सकाळच्या डोसची. ही पिशवी लावली तर ती वाचणार होती.

"दिसेनासं झालं म्हणजे गेलं असं नाही, ताई. काय विरघळलं, काय राहिलं, मला नुसतं बघून सांगता येणार नाही."

"मग?"

"मग फेका. नियम मोडावा इतका काही मेव्हणा लाडका नाही माझा."

शेवटच्या बाटलीतून नवी पिशवी भरून ते स्वतःच वॉर्डात गेले. थेंब पडू लागले. मेव्हणा तापात पुटपुटला, "दाजी, भिंतीतून पाणी वाहतंय."

"वाहू दे. तू पोहत राहा."

उशाशी बसलेल्या अण्णांच्या बायकोनं विचारलं, "आणि उद्याचं औषध?"

"इथलं संपलं. पलीकडच्या दवाखान्यात फोन केलाय, आहे म्हणाले. आत्ता जाऊन आणतो."

तिनं त्यांच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं, ओठाचा कोपरा हलतोय का ते. इतक्या वर्षांच्या संसारात तिला त्यांच्या थट्टेची तेवढी एकच खूण पाठ होती. कोपरा हलला नाही.

"मग निघा," ती म्हणाली, आणि भावाचा हात हातात घेऊन थेंबांकडे बघत बसली.