धबधबा मॅडमचा गप्प तास

पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या मॅडमना अख्खं कॉलेज ‘धबधबा’ म्हणायचं. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. वर्गात पाऊल टाकलं की ज्या सुरू व्हायच्या, त्या थेट घंटेलाच थांबायच्या. प्रश्नही विचारायच्या, नाही असं नाही. पण समोरच्यानं तोंड उघडायच्या आत उत्तर देऊन मोकळ्या व्हायच्या.

अशा बाईच्या स्वरतंतूंवर गाठी आल्या. घशाच्या डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, नाहीतर आवाज कायमचा जाईल. घरी सासूबाईंनी डोळे पुसले आणि दुसऱ्याच दिवशी शेजारणीला म्हणाल्या, "घर कसं मोठं झाल्यासारखं वाटतंय हो." नवरा चक्क जेवताना पेपर वाचायला लागला.

विभागप्रमुख मात्र गंभीर होते. ते मॅडमचे एकेकाळचे वर्गमित्र, त्यामुळे केबिनचं दार लागलं की ‘अगं’वर यायचे. खिशातून त्यांनी एक पेन ड्राइव्ह काढला.

"अगं, तुझ्या जुन्या तासांचं रेकॉर्डिंग आहे यात. महिनाच कशाला, वर्ष संपेपर्यंत पडद्यावर हेच लावू. मुलांचंही नुकसान नको आणि तुझ्या घशाचंही."

स्वतःच्याच आवाजानं आपल्याला वर्गाबाहेर काढावं, याचा मॅडमना असा संताप आला! पण संतापायलाही आवाज लागतो. त्यांनी टेबलावरचा कागद ओढला आणि खरडलं, ‘एक तास दे. नाही जमला, तर लाव.’

"ठीक आहे," विभागप्रमुख म्हणाले. "मी मागे बसेन."

वर्ग तरी साधा असावा! पहिल्या बाकावर आजोबा. आयुष्यभर बस चालवली आणि आता नातीच्या वयाच्या पोरांबरोबर पदवी घ्यायला बसलेले. त्यांच्याशेजारी जुळ्यांची आई, लग्नात सुटलेलं शिक्षण पुन्हा हाती घेतलेली, अर्धं लक्ष घरी. मधल्या रांगेत ‘पाहुणा’. तो पृथ्वीच्या पार पलीकडच्या बाजूच्या देशातून आलेला होता आणि प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवून मगच बोलायचा. बाकी नेहमीची मंडळी, हुशार, आळशी आणि झोपाळू. आणि खिडकीकडेला ती उंच मुलगी, जिला सगळे ‘खिडकीवाली’ म्हणायचे. ती बोलताना अडखळायची. तिचा पहिला शब्द अडला, की मॅडम पुढचं वाक्य तिच्या वतीनं पूर्ण करून टाकायच्या, बिचारीचा त्रास वाचावा म्हणून. मग ती मान हलवून खाली बसायची. हल्ली तिनं हात वर करणंच सोडलं होतं.

मॅडमनी फळ्यावर मोठं वर्तुळ काढलं. त्याच्या आरपार, मधोमध, वरून खालपर्यंत एक बोगदा. बोगद्याच्या बरोबर मध्यावर एक दगड. शेजारी लिहिलं, ‘पृथ्वीच्या पोटात, अगदी मध्यावर, या दगडासाठी खाली म्हणजे कुठे? बाण काढा.’

"मॅडम, आत तर भट्टी असते ना?" जुळ्यांची आई म्हणाली. "दगड वितळेल की!"

मॅडमनी लिहिलं, ‘वितळत नाही असं समजा.’ वर्ग हसला. मॅडमनी खडू पुढे धरला.

बराच वेळ कुणी हललं नाही. एरवी एवढ्यात मॅडमचं उत्तर देऊन, समजावून, पुढचं प्रकरण सुरूही झालं असतं. आज त्या खडू पुढे धरून नुसत्या उभ्या होत्या. शेवटी आजोबा उठले. "यात काय अवघड आहे? दगड खालीच जाणार!" म्हणत त्यांनी दगडापासून फळ्याच्या खालच्या कडेकडे ऐटीत बाण ओढला.

मॅडमनी बरोबर-चूक काहीच दाखवलं नाही. दाखवण्याची सवय नव्हती, बोलण्याची होती.

मग पाहुणा उभा राहिला. मनात वाक्य जुळवायला त्याला वेळ लागला, पण आज त्याला मध्येच कुणी तोडलं नाही. "माझं घर तिकडे आहे," तो म्हणाला आणि बोगद्याच्या खालच्या तोंडाशी बोट ठेवलं. "माझी आई इथे उभी आहे. तिच्या हातातून दगड पडला, तर तो असा येतो." त्यानं दगडापासून वरच्या दिशेनं बाण काढला. "तिच्यासाठी हे खाली."

"अरेच्चा!" आजोबा म्हणाले. "आमच्या दगडाचं खाली ते तुझ्या आईचं वर?"

वर्गात एकच कल्ला झाला. वर, खाली, तुझं, माझं! झोपाळू मंडळीसुद्धा हातवारे करायला लागली. हळूहळू सगळे थकले आणि गप्प झाले. दोन्ही बाण एकमेकांकडे पाठ करून उभेच. मागे विभागप्रमुखांनी पेन ड्राइव्ह बोटांत फिरवला आणि उठायच्या बेतात खुर्ची सरकवली.

तेवढ्यात खिडकीवालीनं हात वर केला.

"ति... ति..." ती अडली. तिचा श्वास कोंडला, मान ताठ झाली. मॅडमची जीभ वळवळली. पुढे काय येणार हे त्यांना माहीत होतं: तिथे पृथ्वीची ओढ शून्य. वर्षानुवर्षं त्यांनीच तसं लिहून दिलं होतं. बोलता येत नाही तर निदान लिहावं म्हणून त्या फळ्याकडे वळल्याही. पण मुलीनं पंजा उंचावून त्यांना थांबवलं. मॅडमनी खडू खाली घेतला.

कुणी हसलं नाही. कुणी मदतीला धावलं नाही. सगळा वर्ग तिच्या तोंडाकडे बघत राहिला आणि मुलगी एकेक शब्द ओढून बाहेर काढत राहिली.

"तिथे... खाली... ना... नाहीच. जि... जिकडे बघाल... तिकडे... व... वरच आहे."

मॅडमच्या अंगावर सर्रकन काटा आला.

हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. शून्य लिहिलं होतं, सिद्ध केलं होतं, परीक्षेत विचारलं होतं, पण तिथे जाऊन उभ्या कधी राहिल्या नव्हत्या. आता त्या उभ्या होत्या. डोक्याच्या वर पृथ्वी, पायांच्या तळव्यांपलीकडे पृथ्वी, आणि तिकडेही वरच. सगळे समुद्र वर, सगळे डोंगर वर, सगळी शहरं, सगळी माणसं चारी बाजूंनी या एका ठिकाणाकडे पाय करून उभी. वर्ग, भिंती, घसा, सगळ्याचं त्यांचं भान सुटलं. एवढी मोठी गोष्ट त्या चिमूटभर आकड्यात कोंबून मुलांच्या हातावर ठेवत आल्या होत्या, आणि ती या मुलीनं मोकळी केली होती.

"म्हणजे माझ्या आईकडे जायलाही वर," पाहुणा हळूच म्हणाला, "आणि इथे यायलाही वर."

"आणि तिथे माणसाला वजनच नाही?" जुळ्यांची आई आता पूर्ण लक्ष देऊन बसली होती. "दोन्ही पोरं एकदम कडेवर घेता येतील की!"

आजोबा उठले आणि त्यांनी आपला बाण स्वतःच्या हातानं पुसला. मग पाहुण्याचाही पुसला. दगड कुठल्याही बाणाशिवाय तसाच मध्यावर राहिला आणि मॅडमना त्याच्यावरून नजर हलवता येईना.

घंटा झाली, पण पहिल्यांदाच कुणी दप्तर उचललं नाही. "अहो, मग वरून सोडलेला दगड मध्यावर थांबेल का?" जुळ्यांच्या आईनं आजोबांना विचारलं आणि दोघं दारापर्यंत भांडतच गेली. विभागप्रमुख फळ्यापाशी आले. त्यांचे डोळे पाणावले होते.

"आपण दोघंही इतकी वर्षं नुसतं शून्यच लिहीत होतो गं," ते वर्गातच ‘गं’वर आले. पेन ड्राइव्ह त्यांनी खिशात टाकला. "उद्यापासून तूच घे. असाच घे."

सगळे गेल्यावर खिडकीवाली टेबलापाशी आली. मॅडमना तिला कितीतरी सांगायचं होतं. त्यांनी नुसते हात जोडले. मुलगी गोंधळली, मग हसली.

"आ... आवाज... कधी येणार, मॅडम?"

मॅडमनी एक बोट दाखवलं. एक महिना.

मुलगी बोलू लागली. वाक्य पुन्हा मध्येच अडलं आणि मॅडम थांबून राहिल्या.

"ल... लवकर बऱ्या व्हा," ती म्हणाली. "प... पण... बोलायची... घा... घाई नको."