तीनचं ॲव्हरेज

अर्जुनरावांच्या ट्रकला वीस वर्षं झाली होती आणि त्या ट्रकवर धुळाजीला सोळा. एवढ्या वर्षांत गाडी लिटरमागे साडेचार किलोमीटरच्या खाली कधी उतरली नव्हती. यंदा दसऱ्यानंतर मात्र ती एकाएकी तीनवर आली. कापूस तोच, तेलगाव-माजलगाव रस्ता तोच, ड्रायव्हरही तोच. मग डिझेल जातं कुठं?

धुळाजीनं ते आपणहून सांगितलं होतं, हे आधी लिहून ठेवलं पाहिजे. दिवाळीच्या आधीच तो वाड्याच्या पायरीशी येऊन म्हणाला, "मालक, गाडी दम घेईना बगा. चढाला काळा धूर टाकती. फिल्टर काडून बगितला, तो साफ हाय. एकदा अंगद मिस्त्रीला दावू."

अर्जुनराव माजी सरपंच. दुसऱ्याचं चुकलेलं त्यांना कोसभरावरून दिसायचं. रबरी नळीनं टाकीतलं डिझेल काढून वाटेत विकणारे ड्रायव्हर त्यांनी पाहिले होते, ऐकले तर त्याहून जास्त होते. त्यांना वाटलं, या चोराच्या उलट्या बोंबा. ते म्हणाले, "मिस्त्री काय करील? हे गाडीचं दुखणं न्हाई धुळाजी, हे नळीचं दुखणं हाय."

धुळाजीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचा चेहरा पडला, आणि पडलेला चेहरा म्हणजे कबुली, असं अर्जुनरावांनी मनात धरलं.

त्यांनी टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेच्या करदोड्याला बांधली. ॲव्हरेज तीनच राहिलं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, कुलूप लावूनही फरक नाही, म्हणजे चोरी नसावी. अर्जुनराव म्हणाले, चोर हुशार आहे. संशयाचं असंच असतं. त्याला पुरावा मिळाला तरी तो वाढतो, नाही मिळाला तरी वाढतो.

मग एका रविवारी, खंडोबाच्या देवळापुढं गाव जमलेलं असताना, त्यांनी धुळाजीला बेलभंडार उचलायला लावला. हातात बेलाचं पान आणि देवाचा भंडारा घेऊन शपथ घ्यायची. इतरांसाठी ही एक रीत असेल. धुळाजीच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं आणि खंडोबा हे दोनच जिवलग. त्याच्या वडिलांनी उभ्या आयुष्यात एकदाही भंडार उचलला नव्हता, कारण तशी वेळ त्यांच्यावर कुणी आणलीच नव्हती.

धुळाजीनं हात धुतले. बेल उचलला. म्हणाला, "देवा, मालकाच्या गाडीचा येक थेंब जरी मी इकला आसंल, तर माज्या वाड्यात येक मेंढरू राहू नगं." भंडारा कपाळाला लावला आणि गाडीची चावी देवळाच्या पायरीवर ठेवली. "आता दुसरा ड्रायव्हर बगा, मालक."

त्याच्याबरोबर सुग्रीवही निघाला. सुग्रीव हा धुळाजीच्या बायकोचा भाऊ, चाळिशीचा गडी, त्याच गाडीवर क्लीनर. दोघं वाडीच्या वाटेला लागले, पण एकमेकांशी बोलत नव्हते. हे अर्जुनरावांनी पाहिलं आणि विसरून गेले.

नवा ड्रायव्हर आला. ॲव्हरेज तीन. "सगळे एकाच माळेचे मणी," असं म्हणत अर्जुनराव स्वतःच त्याच्या शेजारी जाऊन बसले. टाकी गळ्यापर्यंत भरली. दिवसभरात माजलगावच्या तीन खेपा केल्या. चहाला उतरले नाहीत, ड्रायव्हरला लघवीलासुद्धा एकट्याला सोडलं नाही. गावचा माजी सरपंच बाभळीआड ड्रायव्हरच्या मागं उभा, हे दृश्य रस्त्यानं जाणाऱ्या पोरींनी तोंडाला पदर लावून पाहिलं. संध्याकाळी पुन्हा टाकी गळ्यापर्यंत भरली आणि किलोमीटरला लिटरनं भागलं. तीन.

तिथं पंपावरच अर्जुनरावांच्या पायाखालची वाळू सरकली. आज तर कुणी चोरलेलं नव्हतं. आज तर पाळतीवर ते स्वतःच बसले होते.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच गाडी घेऊन अंगद मिस्त्रीकडं गेले. अंगद वयानं तरुण पण घाईचा नव्हे. त्यानं टायरांतली हवा पाहिली. चाकांना हात लावून ब्रेक घासून तापतात का ते पाहिलं. पाइपाखाली पुठ्ठा ठेवून डिझेल गळतं का ते पाहिलं. मग गाडी चालू करून नुसता उभा राहिला आणि काळ्या धुराकडं बघत म्हणाला, "मालक, डिझेल चोरीला जात न्हाई, धुरात जातंय. हिला हवाच मिळंना. हवा न्हाई तर डिझेल जळंल कसं?"

फिल्टर साफच होता. मग अंगद केबिनमागच्या उभ्या हवेच्या पाइपावर चढला, वरची टोपी काढली, आत हात घातला आणि ओढू लागला. आतून फडकं निघालं. निघतच राहिलं. काजळीनं आणि धुळीनं माखलेला, हातभर लांब धोतराचा तुकडा, हिरव्या काठाचा.

"हे कुणी कोंबलं?" अंगद हसत म्हणाला.

अर्जुनरावांना हसू आलं नाही. खंडेनवमीला गाडीची पूजा व्हायची, आणि पूजेआधी गाडी मालकानं स्वतःच्या हातानं धुवायची, ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत. त्या दिवशी ड्रायव्हरनं गाडीला पाणीसुद्धा लावायचं नाही. यंदा विहिरीवरच्या मोटारीचं पाणी जोरात येत होतं, म्हणून पाइपात पाणी जाऊ नये यासाठी त्यांनीच आपल्या जुन्या धोतराचा तुकडा आत कोंबून वर टोपी बसवली होती. तेवढ्यात पाहुणे आले, फोटो झाले, नारळ फुटला. फडकं आतच राहिलं. कडेनं जेवढी हवा मिळेल तेवढ्यावर ती बिचारी गाडी महिनाभर धापा टाकत कापूस ओढत होती, आणि तिच्या मालकानं तिच्या ड्रायव्हरला चोर ठरवलं होतं.

त्यांना इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आणि लाज वाटल्यावर माणूस जे पहिलं करतो तेच त्यांनी केलं. ते अंगदला म्हणाले, "कुणाला बोलू नकोस."

घरी छबुबाईंनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "नोजल खराब झालतं." चाळीस वर्षांच्या संसारात बायकोशी खोटं बोलायची वेळ त्यांच्यावर फार आली नव्हती, म्हणून ते त्यांना नीट जमलं नाही. छबुबाई भाकरी थापता थापता थांबल्या, त्यांच्याकडं पाहिलं आणि पुन्हा थापू लागल्या.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं अर्जुनरावांनी स्वतःला चार दिवस समजावलं. पण मूठ नुसती झाकून राहीना. गाडी दुसऱ्याच दिवशी साडेचारवर आली होती आणि नव्या ड्रायव्हरनं ते गावभर सांगितलं होतं. पाचव्या दिवशी चहाच्या हॉटेलात एक जण मोठ्यानं म्हणाला, "बगा, धुळाजी गेला आन गाडी सुधारली! भंडार उचलून बी खोटं बोलला बे त्यो. मालकाची नजर म्हंजे नजर."

सगळ्यांनी माना डोलावल्या. अर्जुनरावांसमोर चहा आला. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि प्यायला. आजवर धुळाजीवर आळ होता; आता त्याच्यावर देवाशी खोटं बोलल्याचा शिक्का बसला होता, आणि तो अर्जुनरावांनी गप्प राहून मारला होता.

त्या दुपारी त्यांनी छबुबाईंना खरं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मग हितं कशाला बसलात?"

वाडीवर धुळाजी मेंढरं कोंडायच्या जाळीला, वाघरीला, गाठी मारत अंगणात बसला होता. त्याची बायको चतुराबाई मालकांना पाहून आत निघून गेली. पाणी आलं नाही. अर्जुनराव बाजेच्या कडेवर बसले आणि सगळं सांगितलं. धोतर, खंडेनवमी, अंगद. हात जोडले. "माजं चुकलं, धुळाजी. तू निर्मळ हायेस."

धुळाजीच्या चेहऱ्यावर आनंद येईल असं अर्जुनरावांना वाटलं होतं. तसलं काही आलं नाही. उलट त्याचा रंग उतरला.

"म्हंजे डिझेल कुनीच चोरलं न्हवतं?"

"कुनीच न्हाई."

"मालक, मी चोरलं न्हाई हे मला ठावं व्हतं," धुळाजी म्हणाला. "पन डिझेल तर जातच व्हतं. कुलूप लावून बी जात व्हतं. मंग मी न्हाई, तर कोन? गाडीवर आमी दोघंच." त्याच्या हातातली दोरी थांबली. "देवळातून आल्यावर मी सुग्रीवला इतं, ह्याच अंगनात, भंडार उचलाया लावला. त्यानं उचलला. तरी मला पटंना. मी त्याला मारलं, मालक. चाळीस वर्साच्या मानसाला, त्याच्या भनीदेखत. त्यो तसाच उटून ऊसतोडीला कर्नाटकात गेला. घरात चतुरा माज्याशी बोलत न्हाई."

अर्जुनरावांनी एका माणसावर अन्याय केला असं धरून माफीची तयारी केली होती. इथं त्यांचा संशय धुळाजीच्या हातांनी पुढं गेला होता आणि ज्याच्यापर्यंत पोचला होता तो चारशे किलोमीटरवर कोयता चालवत होता.

"मी सांगतो सुग्रीवला," ते कसेबसे म्हणाले.

"तुमी कशाला? मारलं मी." धुळाजीनं पहिल्यांदा त्यांच्याकडं सरळ पाहिलं. "मला जायाला लागंल. पन काय म्हनावं, कसं उभं राहावं, ते मला येत न्हाई. मी कवा कुनाची अशी माफी मागितली न्हाई. तुमी इतं चोरून आलात, दुपारचं, वाडीत कुनी नसताना. चोर मातूर मला देवळापुढं म्हनलात." त्याचा आवाज चढला नाही. "रईवारी देवळापुढं तुमी मागा. मी मागं उभा राहतो. कसं मागत्यात ते बगतो, आन मंग जातो."

रविवारी देवळापुढं मागच्या वेळेएवढंच गाव होतं. अर्जुनराव पायरीवर चढले. भाषणं त्यांनी आयुष्यभर केली होती. माइक असो नसो, आवाज कधी अडला नव्हता. आज अडला. लोकांना वाटलं, निवडणुकीचं काही असेल. मागं लिंबाच्या झाडाखाली धुळाजी डोक्याला पटका बांधून उभा होता. त्याच्या पायाशी प्रवासाची पिशवी होती आणि तो, शाळेत पहिल्यांदा बसलेल्या माणसासारखा, त्यांच्या तोंडाकडं एकटक पाहत होता.

"धुळाजी चोर न्हवता," अर्जुनराव म्हणाले. "गाडीच्या पाइपात फडकं मी कोंबलतं. माज्या धोतराचं."

कुणीतरी हसलं. तेवढ्यावर थांबता आलं असतं; हसण्यावारी गेलं असतं, आणि गावही विसरलं असतं. अर्जुनरावांनी धुळाजीकडं पाहिलं. त्यानं अजून पिशवी उचलली नव्हती. एवढं पुरणार नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि त्यांनाही.

"आन मला कळून आठ दिवस झालेत," ते म्हणाले. "हॉटेलात तुमी त्याला खोटारडा म्हनत व्हता, तवा मी तिथंच बसून चहा पीत व्हतो. मला खरं ठावं व्हतं. मी गप बसलो, कारन मला माजी अब्रू दिसत व्हती, त्याची न्हाई."

आता कुणी हसत नव्हतं. अर्जुनराव पायरीवरून उतरले, गर्दीतून वाट काढत लिंबापाशी गेले आणि सगळ्या गावासमोर खाली वाकले. धुळाजीनं त्यांचे हात पायांपर्यंत पोचू दिले नाहीत. वरच्यावर धरले.

"बास," तो हळूच म्हणाला. "जमंल मला."

आणि पिशवी उचलून तो स्टँडकडं चालू लागला.