माझ्यातलं खत कोणी नेलं?

मित्रांनो, माझ्याजवळून जाताना तुम्ही नाक दाबाल, पण जरा थांबून माझं ऐकून घ्या. मी धरणगावजवळच्या एका शेतातला जुना खताचा खड्डा आहे. माझी मालकीण कमलबाई. तिच्या सासऱ्याने मला खणलं, तेव्हा दारात सहा गुरं होती. पुढे दुकानातून खताच्या गोण्या येऊ लागल्या, गुरं दोनच उरली आणि मी काटेकुटे नि फुटक्या बादल्या टाकायची जागा झालो.

शेतात ओळीने पाच वर्षं कपाशीच होती. जमीन इतकी आवळली, की पाणी वरच्यावर वाहून जाई. शेवटी सून दिपमाला म्हणाली, "आत्याबाई, औंदा कपाशी नको. आधी मूग घेऊ, त्यामागून दादर ज्वारी. आणि खत घरचंच घालू."

माघात दोघींनी मला साफ केलं. कपाशीच्या पऱ्हाट्या, म्हणजे वेचणीनंतरची वाळकी झाडं, जाळायच्या सोडून बारीक तोडल्या. एक थर त्यांचा, एक शेणाचा, वरून पाणी. मी काठाच्याही वर हातभर भरलो. किती वर्षांनी पोटात काही पडलं होतं!

मग मी खाली बसू लागलो. आठ दिवसांत वीतभर, महिन्याभरात दीड हात. गेली कित्येक वर्षं माझ्यात सगळं कोरडंच पडून राही, त्यामुळे असं खाली बसणं कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. कमलबाईच्या मनात पाल चुकचुकली. तिने काठी रोवून माप घेतलं. माझ्याभोवती राख पसरली. सून माहेरी निघाली, की तिच्या पिशवीकडेही ती तिरप्या नजरेने बघे.

चैत्रात एका सकाळी राखेत वहाणांचे ठसे उमटले. कमलबाई बाभळीआड दबा धरून बसली. तिसऱ्या दिवशी शेजारचा बकऱ्यावाला वना, जो आमच्या रानात बकऱ्या चारायचा नि बसवायचा, रिकामी पाटी घेऊन माझ्या काठावरून उठताना तिला दिसला.

"वनाभाऊ, मन्हं खत कोठे जास?"

"अक्का, मी टाकाले येस, लेवाले नही."

"फुकटमा कोन टाकस? चोर शे तू!"

बांधावरून जाणाऱ्या मजूर बाया थबकल्या. वनाने पाटी काखेला मारली आणि तो चालू लागला. त्या दिवसापासून त्याच्या बकऱ्या आमच्या शेतात बसेनाशा झाल्या. मला सगळं ठाऊक होतं, मित्रांनो. पण खड्ड्याला तोंड असतं, जीभ नसते.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी दोघी खत काढायला आल्या. पहिल्याच फावड्यात बकऱ्यांच्या लेंड्या निघाल्या. कमलबाईच्या दारात तर एकही बकरी नव्हती! त्याखाली पऱ्हाट्यांचा मागमूस नव्हता. होतं ते काळंभोर, भुसभुशीत खत.

"आत्याबाई, कुणी काही नेलं नाही," दिपमाला म्हणाली. "कुजून दबलंय ते."

कमलबाईने ओंजळभर खत उचलून नाकाशी नेलं. मग तशीच, खताने भरल्या हातांनी, वनाकडे गेली आणि त्याच मजूर बायांसमोर म्हणाली, "चूक मन्ही शे, भाऊ."

वना बकरीची पाठ खाजवत म्हणाला, "बकऱ्या आणसू, अक्का. पण तू बांधवर उभी ऱ्हाय. जातांना मन्हा हात दखी ले."

दुसऱ्या दिवशी बकऱ्या आल्या आणि ती दिवसभर उन्हात उभी राहिली. संध्याकाळी जाताना त्याने दोन्ही रिकामे तळहात पुढे केले, तेव्हा तिने मान वर केली नाही.

त्या पावसाळ्यात मूग चांगला आला. आता त्याच रानात दादर पुरुषभर वाढली आहे, आणि खुरपं लावलं की माती सहज सुटते. वना अजूनही पाटीभर लेंड्या आणतो, पण लांबूनच आल्याची हाक देतो, "अक्का, मी उनू!" कमलबाई हातातलं काम टाकून येते आणि पाटीचा दुसरा काठ धरते.

मित्रांनो, जमिनीकडे दरवर्षी एकच पीक मागू नका, आणि माझ्यासारख्याला कोरडं ठेवू नका. कधी काही कमी झालेलं दिसलं, तर कुणाचं नाव घेण्याआधी फावडं घ्या आणि स्वतः खणून बघा.