भोपळ्याचा उसना आकडा

दादाच्या मूत्रपिंडांनी संप पुकारल्यापासून वहिनींच्या स्वयंपाकघरात चवीचं राज्य जाऊन आकड्यांचं आलं. रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदय केव्हाही थांबू शकतं, असं डॉक्टरांनी हवामानाचा अंदाज सांगावा तसं सांगितलं होतं. तेव्हापासून फ्रिजवर दवाखान्याचा तक्ता आणि ओट्यावर वजनकाटा. तक्त्यातल्या भाज्यांत सगळ्यात निरुपद्रवी लाल भोपळा: शंभर ग्रॅममागे एकशे सत्तेचाळीस मिलिग्रॅम पोटॅशियम. म्हणून रोज भोपळा. दादा म्हणायचा, आता माझ्या कानातून वेल यायचा बाकी आहे.

तरी पोटॅशियम चढतच गेलं. दादा चोरून केळी खातो, असा वहिनींनी निकाल दिला. त्याने आईची शपथ घेतली. त्यांनी त्याच्या खिशांची झडती घेतली. मग मला फोन आला, कारण अन्नघटकांचं जाडजूड पुस्तक काढणाऱ्या खात्यात मी सव्वीस वर्षं खुर्ची झिजवली आहे.

"भावोजी, तेवढा भोपळा एकदा तपासा," वहिनी म्हणाल्या. "तक्ता बरोबर असेल, तर तुमचा भाऊ खोटारडा."

बसलो शोधायला. एका संकेतस्थळावर एकशे सत्तेचाळीस. दुसऱ्यावर तेच, तिसऱ्यावरही तेच. एवढं एकमत मी आमच्या घराण्यात कधी पाहिलं नाही. मूळ धरून मागे गेलो. संकेतस्थळ दवाखान्याकडे बोट दाखवत होतं, दवाखाना एका मासिकाकडे, मासिक परदेशातल्या तक्त्याकडे, आणि तो तक्ता आमच्या पुस्तकाकडे. दुसरी आवृत्ती, पान एकोणनव्वद.

त्या पानाचा कच्चा खर्डा माझ्या अक्षरात होता.

मानेवर कुणी गार हात ठेवावा तसं आठवत गेलं. भोपळ्याच्या आठवड्यात यंत्र बिघडलं होतं. मोजता आलं नाही तर त्याच कुळातल्या भाजीचा आकडा उसना घ्यायचा आणि कंसात लिहायचा, अशी आमच्यात रीत. मी काकडीचा घेतला, कंसात घातला. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी साहेब म्हणाले, हे कंस काढा, लोकांना वाटतं आपल्याला खात्री नाही. खात्री नव्हतीच. कंस मीच काढले, दीड दिवसात, सगळ्या पुस्तकातले. नंतर त्यांची यादी कुणी ठेवली नाही.

आमच्या खात्याच्या प्रयोगशाळेतल्या बाईंकडून भोपळा मोजून घेतला. दुपटीहून जास्त निघाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघांसमोर बसून सगळं सांगितलं. वहिनींनी दादाच्या रिकाम्या खिशांकडे पाहिलं. मग उठून त्यांनी गॅसवरचा भोपळा उतरवला, तक्ता आणून माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, यातले आणखी उसने कुठले? मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत गेलो. प्रत्येक आकडा माझ्याकडे ओळखीच्या माणसासारखा बघत होता आणि एकाचंही नाव आठवत नव्हतं.

"बरं, स्वतःच्या हातांनी काय मोजलंय तुम्ही?"

"अंडं," मी म्हणालो. "अंड्याचं नक्की."

वहिनींनी एक अंडं उकडलं, सोललं, बशीत ठेवलं. दादा सकाळपासून उपाशी होता. त्याने सुरीने अंड्याचे दोन भाग केले, निरखून पाहिले आणि अर्धा माझ्याकडे सरकवला.

"आधी तू," तो म्हणाला.