येतानाची पिशवी

नमकीनवाल्या चिरागने तराजूत लौंग, म्हणजे लवंगेची, सेव ओतली तसा अक्कांनी हात पुढे करून चार काड्या उचलल्या. एक तोंडात टाकली, उरलेल्या तीन नीरजाच्या तळहातावर ठेवल्या.

"खाऊन बघ. तेल कालचं आहे."

"आज सुबह का घान है, अक्काजी," चिराग म्हणाला. "आपसे झूठ बोलूँगा क्या?"

"तुझे वडील बोलायचे. दुसरा डबा खोल, भिया."

चिरागने निमूटपणे दुसरा डबा खोलला. नमकीनच्या बाबतीत अक्कांच्या तोंडी लागायचं नाही, हे तो गल्ल्यावर बसायच्या आधीच शिकला होता. अक्कांचं वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले, पण प्रवासाचा फराळ घ्यायला त्या स्वतः यायच्या. सुनेवर, नीरजावर, घर सोपवलं होतं, देव सोपवले होते. सेव सोपवलेली नव्हती.

लांबच्या प्रवासाला निघायचं तर दोन पिशव्या भरायच्या, एक जातानाची आणि एक येतानाची, असा या घरचा कायदा होता. फार वर्षांपूर्वी पुण्याहून देवासला परतताना सेंधव्याच्या घाटात यांची गाडी अकरा तास अडकली होती. डबे रिकामे, दोन्ही मुलं भुकेने रडून झोपलेली. त्या दिवसापासून येतानाची पिशवी वेगळी झाली. तिला लाल नाडा बांधायचा आणि घराकडे तोंड फिरल्याशिवाय गाठ सोडायची नाही. प्रत्येकाची पुडी वेगळी, पुडीवर नाव. हा कायदा करणारे तात्या, म्हणजे अक्कांचे यजमान, सहा वर्षांपूर्वी गेले. कायदा अक्कांनी चालू ठेवला.

"वैष्णवीला खट्टा-मीठा," अक्का बोटांवर मोजत म्हणाल्या, "प्रणवला लौंग, तुला मठरी आणि मला आपली फिकी. जाताना चार, येताना चार."

नीरजाने मान हलवली. गेले आठ दिवस ती नुसती मानच हलवत होती.

निमित्त होतं पुण्याला मोठ्या दिरांकडच्या मुंजीचं. दिरांना सगळे भाऊ म्हणत; ते पुण्यात, आठव्या मजल्यावर. नीरजाचा नवरा प्रणव धाकटा, म्हणून देवासच्या घरात. पण प्रणवच्या कारखान्यातला त्याचा विभाग बंद झाला होता आणि जूनपासून त्याला पीथमपूरला रुजू व्हायचं होतं. राहायला धारला दोन खोल्या मिळाल्या होत्या, तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. धारचं नाव ऐकल्यापासून अक्कांचा पाय जमिनीवर नव्हता. धार त्यांचं माहेर. "चोपन्न वर्षांनी माहेरी चालले," असं त्या दूधवाल्यापासून देवळातल्या पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांना सांगून आल्या होत्या. जिना चढायची सवय म्हणून रोज दुपारी ओट्याजवळच्या पाटावर दहा वेळा चढायच्या आणि उतरायच्या.

आणि दोन्ही भावांनी फोनवर ठरवलं होतं की मुंज झाली की अक्का पुण्यालाच राहतील. जाऊ विद्युल्लतावहिनींनी खोलीला पडदेसुद्धा लावले होते.

"तिकडे गेल्यावर सांगू," प्रणव म्हणाला होता. "इथे सांगितलं तर ती गाडीत बसायची नाही."

नीरजा तेव्हा पोळ्या लाटत होती. तिने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. न बोलण्याचा अर्थ या घरात हो असाच धरतात, हे चौदा वर्षांच्या संसारानंतर तिला कळायला हवं होतं. कळत होतं. म्हणून तर ती लाटत राहिली.

"भाभी," चिरागने विचारलं, "फीकी सेव दोनों थैली में डालूँ?"

"नहीं, एक ही में," नीरजा म्हणाली.

तोंडातून निघून गेलं. अक्का परमलच्या, म्हणजे कुरमुऱ्यांच्या, बरणीकडे बघत होत्या, त्या वळल्या.

"एकीतच का?"

"म्हणजे... तिकडे मिळते ना, अक्का. पुण्यात. येताना तिथून ताजी घेऊ."

चिराग फसकन हसला. त्याचं काय चुकलं? माळव्यातला माणूस बद्री-केदारला गेला तरी उशाशी सेव घेऊन जातो. आणि नीरजा तर सोनकच्छची, जन्म इथलाच. पुण्यातून सेव आणायची गोष्ट तिने करावी म्हणजे नर्मदाकाठच्या माणसाने बाटलीतलं पाणी विकत घेऊन अंघोळ करावी. खोटं बोलायचं तर निदान पटेल असं बोलावं, तेही तिला जमलं नव्हतं.

अक्का हसल्या नाहीत. त्यांनी नीरजाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नीरजाने मठरीच्या डब्याकडे पाहिलं.

"पुण्याची सेव," अक्का हळू म्हणाल्या. "बरं." मग चिरागला म्हणाल्या, "एकच दे, भिया. बहू बरोबर म्हणते."

रिक्षातून घरी जाताना माताजीच्या टेकडीकडे बघून त्यांनी नेहमीसारखे हात जोडले, ते जरा जास्त वेळ जोडलेले राहिले.

दुपारी स्वयंपाकघरात त्यांनी दुधात कणीक भिजवली आणि प्रवासाच्या दशम्या केल्या. नीरजा मदतीला गेली तर म्हणाल्या, "तू तुझं बघ. पिशव्या मी भरते." पाटावर चढणं-उतरणं त्या दिवशी झालं नाही. नीरजाने घड्याळ पाहिलं, चार वाजले, साडेचार वाजले. पाट भिंतीला टेकलेलाच होता.

ती बाहेर आली. प्रणव डिकीत सामान लावत होता. सूटकेसखाली त्याने एक जुनी चादर अंथरली होती आणि चादरीखाली काहीतरी फुगलेलं होतं. नीरजाने चादर उचलली. अक्कांचे दोन स्वेटर, शाल, गुडघ्यांच्या एक्स-रेची मोठी पाकिटं, तात्यांचा फ्रेम केलेला फोटो. मे महिन्यात स्वेटर.

"तात्यांचा फोटो कधी काढलास भिंतीवरून?"

"हळू बोल. काच बदलायला दिलाय असं सांगितलंय तिला."

"प्रणव, आज सांगू या. रात्रभर रडतील, चिडतील, पण इथे, त्यांच्या घरात."

"आणि नाही म्हणाली तर? धारचा तो जिना तू पाहिलायस ना? पडली तर कोण बघणार? मी बारा तास पीथमपूरला." त्याने चादर पुन्हा नीट खोचली. "मलाही बरं वाटतंय असं समजू नकोस."

त्याला बरं वाटत नव्हतं हे खरं होतं. जिना अरुंद होता हेही खरं होतं. प्रत्येक गोष्ट खरी होती, त्यामुळे बोलायला तोंड कुठून उघडावं तेच नीरजाला सापडत नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली आणि त्या लाजेसकट तिने डिकीचं दार धरून त्याला मदत केली.

सकाळी सहाला ते निघाले. अक्कांनी सगळ्यांच्या हातावर दही-साखर घातली, कुलपाला दोनदा हिसका दिला आणि गुडघ्यांसाठी म्हणून पुढच्या सीटवर बसल्या. मागे नीरजा आणि अकरा वर्षांची वैष्णवी. घाईत प्रणवने जातानाची पिशवी सूटकेसमागे दडपली होती आणि लाल नाड्याची पिशवी वैष्णवीच्या पायाशी आली होती.

इंदूरचा बायपास संपला. राऊच्या पुढे निळी पाटी आली: पीथमपूर, धार, उजवीकडे बाण. अक्कांनी पाटी येताना पाहिली, समोर आल्यावर पाहिली आणि मागे गेल्यावर मान वळवूनही पाहिली.

"अजून तोच रस्ता आहे का रे, धारचा?"

"चारपदरी झाला आता, अक्का."

"हो का." त्यांनी पदर सारखा केला. "माझ्या लग्नात बस चार तास लावायची."

प्रणवने गाडीचा वेग वाढवला. नीरजाला वाटलं, आत्ता. आत्ता बोलावं. पाटी दिसेनाशी झाली तरी ती तोंड मिटून बसली होती. पायाशी पिशवी, मांडीवर उशी, एका बाजूला बंद काच, दुसऱ्या बाजूला लेक. हलायलासुद्धा जागा नव्हती.

मानपूर मागे पडलं आणि घाट उतरू लागला, तेव्हा वैष्णवीला भूक लागली.

"मम्मी, नाश्ता किधर है?"

"डिकीत आहे. धामनोदला थांबू."

"ये वाली खोल लूँ? एक ही पैकेट। फिर वापस बाँध दूँगी।"

"ती येतानाची आहे," नीरजा म्हणाली आणि अक्कांच्या बोलण्याची वाट बघितली. या नाड्याला हात लावला म्हणून अक्कांनी एकदा भाऊंच्या पाठीत धपाटा घातला होता, भाऊ चाळीस वर्षांचे असताना. पण अक्का समोरच्या रस्त्याकडे बघत राहिल्या.

"खोलू दे तिला," त्या म्हणाल्या. "भूक लागली आहे."

वैष्णवीने दातांनी गाठ सोडवली. एकेक पुडी मांडीवर काढून ती अक्षरं लावत वाचू लागली. मराठी वाचायची तिला सवय नव्हती, पण नावं तेवढी यायची.

"प्रणव. नीरजा. वैष्णवी, ये मेरी।" तिने पिशवीत पुन्हा हात घातला, तळापर्यंत चाचपलं. "अक्काआजी, आपकी वाली नहीं रखी? और ये सुपारी क्यूँ रखी है?"

"तिघांनी प्रवासाला निघू नये, बाळा," अक्का म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा होता. "तीन माणसं असली की एक सुपारी बरोबर घ्यायची. ती चौथी. म्हणजे वाटेत काही अडत नाही."

"पर हम तो चार हैं।"

"जाताना चार."

प्रणवचा चेहरा नीरजाला आरशात दिसत होता. त्याची मान आईकडे वळली.

"अक्का, तुला कुणी..."

"पुढे बघ. ट्रक आहे."

त्याने ब्रेक दाबला. ट्रक पुढे गेला. वैष्णवीच्या हातातली पुडी तशीच होती. तिला काही समजलं नव्हतं, पण काहीतरी घडलं एवढं तिला कळलं होतं आणि ती आईच्या तोंडाकडे बघत होती. नीरजाने तिच्या तळहातावरची सुपारी उचलली. छोटीशी, घट्ट, पूजेच्या डब्यातली. सुनेला आणि मुलाला आपल्याला टाकून सुखरूप घरी पोचता यावं, म्हणून ती काल दुपारी एका बाईने शोधून काढली होती.

नीरजाने काचेचं बटण दाबलं. काच हलली नाही. वैष्णवी हात बाहेर काढते म्हणून मागच्या काचांचं लॉक प्रणव नेहमी पुढूनच लावून ठेवायचा.

"प्रणव, काच उघड."

त्याने आरशात पाहिलं. तिची मूठ त्याला दिसली.

"ए.सी. चालू आहे."

"उघड."

"नीरजा," अक्का म्हणाल्या, अजूनही समोरच बघत, "टाकू नकोस हो. मी दुसरी आणलेली नाही."

"माहीत आहे, अक्का. म्हणूनच."

वळण आलं, ते गेलं. मागचा एक ट्रक हॉर्न वाजवत पुढे निघून गेला. प्रणवचा उजवा हात स्टिअरिंगवरून सुटून दाराकडे गेला आणि बटणांवर नुसता थांबला. अक्कांनी डोळे मिटून घेतले होते.

मग टक् असा आवाज झाला आणि नीरजाच्या बाजूची काच खाली सरकू लागली.