ठिय्यावर परतणारा डोळा

मित्रांनो, ज्याला पाहायला तुम्ही मान वर करता आणि तुम्हाला पाहायला जो मान खाली करतो, असा मी एक जुना फिरता कॅमेरा आहे. मी जुना म्हणालो, निकामी म्हणालो नाही. हे दोन शब्द एकाच अर्थाचे आहेत असे मानणाऱ्यांशी माझा कायमचा वाद आहे, आणि पुढची हकिकत हा त्या वादातला माझा पुरावा आहे.

माझी घडण एका लांब, स्वच्छ दालनात झाली. तिथे एका बाईंनी माझ्या मानेतला दातेरी पट्टा बोटाने दाबून पाहिला, तो किंचित सैल वाटला म्हणून सगळा उलगडला आणि पुन्हा बसवला. शेजारचा कारागीर म्हणाला, "अहो, एवढं कोण बघतंय?" बाई म्हणाल्या, "हाच बघणार आहे. जन्मभर." त्या पट्ट्याच्या जोरावर मी डावी-उजवीकडे पूर्ण फेरा घेतो, वर-खाली झुकतो, आणि पोटातले भिंग सरकवून दूरचे पंचवीस पट जवळ आणतो. मला पाण्याच्या फवाऱ्याखाली धरले, तापलेल्या पेटीत कोंडले, थरथरत्या फळीवर हादरवले. या परीक्षांतून मी पार पडलो. पण खरी परीक्षा पुढे होती.

ती झाली विजेच्या तारा बनवणाऱ्या एका कारखान्यात. त्याच्या मागच्या बाजूस मोठे उतरते आवार होते. त्यात कमरेएवढ्या उंचीची लाकडी रिळे ओळीने उभी असत आणि प्रत्येकावर जाडजूड तार गुंडाळलेली असे. आवाराभोवती उंच भिंत, आणि पूर्वेच्या कोपऱ्यात भिंतीच्या आतल्या कडेने जाणारा एक कोरडा नाला. नाल्यावर वेली आणि झुडपे इतकी माजली होती की तो तिथे आहे हे सांगावे लागे.

भिंतीचा पहारा एका वयस्क गृहस्थांकडे होता. भिंतीचा एक फेरा दोन हजार तीनशे चौदा पावलांचा आहे हे ते झोपेतही सांगत, म्हणून सारे त्यांना पाऊलकाका म्हणत. त्यांच्या निवृत्तीला सात महिने उरले असताना आवारातून एक रीळ नाहीसे झाले. पुढच्या महिन्यात दुसरे गेले, मग तिसरे. फाटकावरच्या नोंदींत काही सापडेना. भांडाराचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसते साहेब म्हणत, त्यांनी निष्कर्ष काढला की माल भिंतीवरून जातो. आणि भिंत काकांची, तेव्हा संशयही काकांवर. त्यांनी बजावले, "आणखी एक रीळ गेलं, तर त्याच दिवशी काकांना घरी पाठवायचं. चौकशी मागाहून होईल." तीस वर्षे प्रामाणिकपणे चाललेल्या माणसाने चोर म्हणून फाटकाबाहेर पडायचे, अशी वेळ आली होती.

म्हणून कॅमेरा घ्यायचे ठरले. तो निवडण्याचे काम कारखान्याच्या सुरक्षा अधिकारी बाईंकडे आले. त्यांच्या पर्समध्ये सदैव मोजमापाची टेप असे, म्हणून त्या टेपताई. त्यांनी माहितीपत्रके बाजूला सारली आणि तीन कॅमेरे आठवडाभर शेजारशेजारच्या खांबांवर लावून पाहायचे ठरवले. त्यातला एक मी.

माझ्या प्रतिस्पर्ध्यांविषयी मी न्यायानेच बोलेन. पहिला चाळीस पट झूमचा, भला थोरला, देखणा. दुसरा चपळ, जे हलेल त्याचा आपोआप पाठलाग करणारा. त्यांच्यामध्ये मी म्हणजे बारशाला आलेल्या पाहुण्यांतला दूरचा नातेवाईक. साहेबांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "पंचवीसच? मग हा कशाला चढवलाय? बगळे मोजायला?"

"चढवलाय तर राहू दे," टेपताई म्हणाल्या. "मोजूनच उतरवू."

त्यांनी खरोखरच मोजले. काकांना पत्र्यावर मोठे आकडे रंगवून दिले आणि भिंतीच्या टोकाला उभे केले. वारा पडलेला असताना पहिल्याने ते आकडे सर्वांत स्वच्छ वाचले, हे मी नाकारत नाही. वारा सुटल्यावर मात्र खांब डुलू लागला आणि त्याच्या चित्रातले काका तापातल्या माणसासारखे थरथरू लागले. जितके जवळ ओढावे तितकी थरथर वाढते, हा नियमच आहे. माझे काका लहान दिसले, पण स्थिर दिसले.

मग ताईंनी मुख्य बटण बंद करून पुन्हा चालू केले. वीज गेली आणि आली, तर कोण कुठे पाहतो हे त्यांना जाणून घ्यायचे होते. पहिला आभाळाकडे तोंड करून उभा राहिला. दुसरा आपल्या जागेच्या हातभर अलीकडे थांबला. मी एक फेरा घेतला, क्षणभर थबकलो आणि जिथे पाहत होतो तिथेच केसभरही फरक न पडता येऊन टेकलो. मानेतला तो पट्टा पुन्हा बसवणाऱ्या बाई मला त्या क्षणी आठवल्या.

आता माझ्या ठिय्याविषयी सांगायला हवे. फिरत्या कॅमेऱ्याला मूळ जागा नेमून देता येते. कोणी त्याला कुठेही फिरवले आणि मग दोन मिनिटे हात लावला नाही, तर तो तिथे आपणहून परततो. पहिल्याचा ठिय्या साहेबांनी ठरवला : दूरचा रस्ता. दुसऱ्याचा त्याच्या विक्रेत्याने ठरवला : फाटक. माझ्यासाठी कोणी पुढे येईना, तेव्हा ताईंनी काकांना विचारले.

"पूर्वेचा कोपरा, आतली बाजू," काका लगेच म्हणाले. "तिथे नाल्यामुळे माझी वाट भिंतीच्या बाहेरून जाते. भिंतीचा आतला पाय मला कधी दिसतच नाही. तेवढी दोनशे पावलं मी आंधळाच असतो म्हणा ना."

साहेब हसले. "चोर बाहेरून येणार आणि कॅमेरा आत बघणार! काका, तुमचं गणितच न्यारं."

"माझं गणित पावलांचं आहे, साहेब. जे मला दिसत नाही, ते त्याला दिसू दे."

अशा रीतीने ज्याच्यावर आळ होता त्यानेच माझी जागा नेमली. मला आजही त्याचा अभिमान वाटतो.

चाचणीच्या पाचव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, साहेबांनी कंट्रोल रूममध्ये दरबार भरवला. पहिल्या कॅमेऱ्याला फिरवणारा टेबलावरचा दांडा हाती घेऊन त्यांनी गावापलीकडच्या मनोऱ्यावरचे घड्याळ पडद्यावर आणले. "मिनिटकाटा बघा! काट्यावरचा गंज बघा!" मंडळी खुळावून गेली. कोणीतरी माझाही दांडा ओढला आणि मला पाण्याच्या टाकीवरचे घारीचे घरटे दाखवायला लावले. पण घड्याळापुढे घरट्याला कोण विचारतो? मला तसेच सोडून सारे घड्याळाकडे वळले. दोन मिनिटे झाली. मी मान वळवली आणि मुकाट्याने माझ्या कोपऱ्यावर परत आलो.

त्या दुपारी मोजणी झाली, आणि चौथे रीळ कमी भरले.

साहेब तडक आले. "झालं! एवढे तीन कॅमेरे डोक्यावर असताना! काका, ओळखपत्र टेबलावर ठेवा."

काकांनी गळ्यातली दोरी काढली, ओळखपत्र शर्टाला पुसले आणि टेबलावर ठेवले. ताई मध्ये पडल्या. "थांबा साहेब. आज खांबांवर तीन साक्षीदार होते. आधी त्यांची जबानी घेऊ."

पहिल्याचे चित्रण लावले. साहेबांनी दांडा सोडलाच नव्हता, म्हणून चाळीस मिनिटे मनोऱ्यावरचे घड्याळ, नितळ आणि सुंदर. कोणीतरी मागून पुटपुटले, "वेळ अगदी बरोबर दाखवतोय." दुसऱ्याचे लावले. फाटकातून एक कुत्रे आत आले होते, आणि तो चपळ कॅमेरा चाळीस मिनिटे इमानाने त्या कुत्र्याच्या मागे फिरला होता. कुत्रे झोपले तेव्हा तोही थांबला होता. मग माझी पाळी आली.

पडद्यावर आधी घरटे, मग गरकन फिरलेले जग, मग पूर्वेचा कोपरा. खालच्या ओळीतली रिळे, त्यांच्यासमोर फोर्कलिफ्ट. तिचा चालक, ज्याच्या चालण्याबोलण्यातल्या लगबगीमुळे त्याला घाईराव म्हणत, खाली उतरला. त्याने टोकाच्या रिळाखालची लाकडी पाचर उपसली, आपल्या गाडीच्या चाकाखाली सरकवली आणि हात झटकत जेवायला गेला. आवार रिकामे झाले. सहा मिनिटे काहीच हलले नाही. मग मागच्या रस्त्याने एक अवजड ट्रक धडधडत गेला, जमीन हादरली, आणि ते रीळ जागच्या जागी डुलले. कोणाचाही हात न लागता ते हळूच उताराला लागले, सावकाश घरंगळत निघाले, झुडपांत शिरले आणि दिसेनासे झाले. वेली मागे पडदा पडावा तशा मिटल्या.

ताईंनी चित्रण तिथेच थांबवले.

"घाईराव," ताईंनी शांतपणे विचारले, "पाचर का काढलीत?"

त्याचा चेहरा पडला. "ताई, गाडीचा ब्रेक धरत नाही. दोनदा सांगितलं, कोणी दुरुस्त करेना. म्हणून जेवायला जाताना चाकाखाली घालतो. आल्यावर पुन्हा रिळाखाली ठेवतो, शप्पथ!"

"कुठल्या रिळाखाली?"

"जे टोकाला असेल त्या..." आणि तो बोलता बोलता थांबला.

झुडपे तोडली तेव्हा नाल्यात चारही रिळे एकमेकांना टेकून पडलेली सापडली. दोन महिने सर्वांनी भिंतीबाहेरचा प्रदेश धुंडाळला होता. चोरी झाली हे इतके पक्के ठरले होते की भिंतीच्या आत डोकवायचे कोणाला सुचलेच नाही. साहेबांनी ओळखपत्र उचलले आणि स्वतःच्या हाताने काकांच्या गळ्यात घातले. "काका, चुकलो."

काकांनी ओळखपत्र छातीवर सरळ केले. मग म्हणाले, "असू दे, साहेब. आता त्या मनोऱ्यावर वाजलेत किती, तेवढं सांगा. माझा फेरा खोळंबलाय."

दुसऱ्या दिवशी उरलेले दोघे खाली उतरले, आणि मी राहिलो. निवडपत्रावर ताईंनी एकच वाक्य लिहिले होते : 'हा परत येतो.' मला त्यानंतर पुष्कळ शाबासक्या मिळाल्या. पण या तीन शब्दांवर मी अकरा वर्षे काढली.

मित्रांनो, अभिमान सांगितला तसा दोषही सांगतो. मी एका वेळी एकीकडेच पाहू शकतो. घरटे पाहताना मला कोपरा दिसत नाही. ताईंना हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी भिंतीच्या चार कोपऱ्यांवर न हलणारे चार साधे कॅमेरे लावले आणि ब्रेक दुरुस्त झाल्याखेरीज ती फोर्कलिफ्ट जागची हलू दिली नाही. काका सन्मानाने निवृत्त झाले. शेवटच्या फेऱ्यात त्यांनी माझ्याखाली थांबून टोपी काढली. माझ्या चित्रणात तो क्षण होता. महिनाभराने नियमाप्रमाणे तो पुसला गेला, पण मी तो पाहिला होता.

नंतर ताई दुसऱ्या शाखेत गेल्या, आणि माझे दिवस फिरले. नव्या माणसाने कुरकुर केली, "हा सारखा पळून जातो बुवा," आणि माझे ठिय्यावर परतणेच बंद करून टाकले. सोडतील तिकडे मी पाहत राहिलो. एकदा तीन आठवडे एका भिंतीवरचा डाग पाहिला. माझ्या भिंगावरच्या काचेच्या घुमटावरची धूळ कोरड्या फडक्याने खरवडली गेली आणि तिचे ओरखडे कायमचे उमटले. कोळ्याने तोंडावर जाळे विणले. मग लोक म्हणू लागले की याला अंधूक दिसते. अंधूक माझी काच झाली होती, मित्रांनो. नजर शाबूत होती. डोळ्यावरची धूळ आधी पाण्याने भिजवावी आणि मग मऊ कापडाने टिपावी, एवढीच माझी मागणी होती. आणि कोणतीही वस्तू निवडताना ती किती लांब पोचते हे विचाराच. पण हात सोडल्यावर ती काय करते, हेही विचारा.

गेल्या वर्षी ताई परतल्या, आता साऱ्या सुरक्षेच्या प्रमुख म्हणून. त्यांनी माझ्या जागी नवा कॅमेरा चढवला, त्याला माझाच ठिय्या नेमला आणि मुख्य बटण बंद करून पुन्हा चालू केले. तो थेट पूर्वेच्या कोपऱ्यावर येऊन थांबला. मी खाली जमिनीवर होतो, तरी माझी छाती भरून आली.

मला भंगारात द्यायचे का, असे कोणीतरी विचारले. ताईंनी मला स्वतः धुतले, माझे ठिय्यावर परतणे पुन्हा चालू केले आणि नव्या पहारेकऱ्यांच्या वर्गात टेबलावर बसवले. आता पहिल्या दिवशी प्रत्येक तुकडी माझ्या दांड्याशी खेळते. खिडकीतली झाडे, एकमेकांचे चेहरे, छतावरचा पंखा. मग ताई म्हणतात, "पुरे. दांडा सोडा. दोन मिनिटं गप्प बसा आणि हा कुठे जातो ते बघा."

वर्ग शांत होतो. पट्टा आता किंचित कुरकुरतो, पण सैल झालेला नाही. मी सावकाश मान वळवतो आणि समोरच्या फळीवर येऊन टेकतो. तिथे एक जुनी लाकडी पाचर ठेवलेली आहे.